कपाळावर दोन बोटं

बाईंच्या शोकसभेला माइक होते, बुके होते, समई लावायला पाहुणे होते, आणि बहिऱ्यांना खुणा करून सांगणारं माणूस मात्र एकही नव्हतं. हे मी मुद्दाम पहिल्याच वाक्यात लिहिते आहे, कारण तेव्हापासून माझं डोकं फिरलंय आणि ते एवढ्यात ठिकाणावर आणायचा माझा विचार नाही.

नाशिकमधलं चांगलं गारेगार सभागृह. व्यासपीठावर बाईंचा फोटो, फोटोला हार. पुढच्या रांगांमध्ये ऐकणारे लोक आणि मागच्या रांगांमध्ये बहिरे. "त्यांना काय, मागे बसले तरी सारखंच," असं दारावरचा स्वयंसेवक हसत हसत म्हणाला होता. तेही मला म्हणाला, त्यांना नाही. वक्ते एकामागून एक उठत होते. एक म्हणाले, बाई म्हणजे मुक्यांचा आवाज. दुसऱ्यांना ते पुरलं नाही. ते म्हणाले, बाई म्हणजे बहिऱ्यांचे कान. माझ्या शेजारी दादा बसला होता. माझा मोठा भाऊ, जन्मापासून बहिरा. तो मला कोपराने ढोसत होता, काय म्हणतोय हा? मी हातांनी सांगत होते, सगळं, आहे तसं. कानांचं सांगितलं तेव्हा तो फिसकन हसला. म्हणाला, बाईंना कान होते खरे, पण त्या वापरायच्या कुठे?

ते अगदी खरं होतं. बाईंना स्वच्छ ऐकू यायचं, पण त्यांना हाक मारलेली चालायची नाही. पाठीमागून "बाई, बाई" करत कितीही ओरडा, मान वळायची नाही. दार वाजवा, बेल वाजवा, उठायच्या नाहीत. समोर जाऊन, त्यांना दिसेल असं उभं राहून हात हलवला की मग म्हणायच्या, "हं, आता बोला." बऱ्याच लोकांचा समज होता की बाईही बहिऱ्याच आहेत. हा समज त्यांनी कधी दूर केला नाही, उलट त्याचा भरपूर फायदा घेतला. नको त्या माणसाचं त्यांना कधीच ऐकू आलं नाही.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. बहिऱ्यांमध्ये प्रत्येकाला खुणेतलं एक नाव असतं आणि ते बहिऱ्यांनीच ठेवलेलं असावं लागतं. बाईंचं नाव होतं, कपाळावर दोन बोटं आडवी ओढायची. आठ्या. ते कोणी ठेवलं हे कोणालाच आठवत नाही, पण नव्याने आलेल्या पोरालाही कारण विचारावं लागायचं नाही. बाई स्वतःची ओळख करून देतानाही तशीच बोटं ओढायच्या, आणि ओढताना आठ्या आणखी गडद करायच्या.

कमरेला कायम एक टॉर्च. भर दुपारीसुद्धा. बहिऱ्या मुलांचं लक्ष वेधायला दिवा लुकलुकवतात, त्यासाठी तो होता. पण बाई तो जास्त करून ऐकणाऱ्यांवर मारायच्या. बोलता बोलता तोंड फिरवलं, तोंडापुढे हात धरला, बहिऱ्या माणसाकडे न बघता त्याच्याबद्दल त्याच्या आईशी बोलायला लागलं, की झोत थेट डोळ्यांत. डोळे चोळत माणूस विचारायचा, "काय झालं?" बाई म्हणायच्या, "अंधार होता तुमच्याकडे."

दर दिवाळीच्या सुट्टीत त्या एक शिबिर घ्यायच्या. गंगापूर धरणाच्या बाजूला एका शाळेचं वसतिगृह सुट्टीत रिकामं असायचं, तिथे. ज्या घरात बहिरी आणि ऐकणारी अशी दोन्ही भावंडं आहेत, अशा घरांसाठी. आईबापांसकट यायचं, एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं. आणि जेवायला भाकरी नाही. पोळीही नाही. खिचडी, आमटी-भात, पोहे, मिसळीतसुद्धा पाव बारीक कुस्करून आधीच घातलेला. जे चमच्याने, एका हाताने खाता येईल तेच. "भाकरी मोडायला दोन हात लागतात," बाई म्हणायच्या. "दोन्ही हात ताटात गेले की माझी माणसं मुकी होतात." हरसूलकडच्या एक मावशी स्वयंपाकाला असायच्या. त्यांना हे अजिबात पटायचं नाही. "नागलीची भाकर नाय, म्हंजी ते काय जेवान हाय का?" असं म्हणत त्या दर वर्षी गुपचूप भाकरी थापायच्या आणि चुलीमागे बसून खायच्या. बाईंना वास यायचा. नाक त्यांचं शाबूत होतं, पण त्या गप्प बसायच्या.

एक शब्द शिबिरात बंद होता, 'बिचारा'. तोंडातून निघाला की स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरायचे. "रडायचंच आहे ना? मग काम करत रडा." एकदा एक प्रतिष्ठित गृहस्थ ब्लँकेटं वाटायला आले. सोबत फोटोग्राफर. एका मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, कॅमेऱ्याकडे बघत ते म्हणाले, "बिचारी किती गोड आहे." बाईंनी त्यांना पाटावर बसवलं, पुढे विळी आणि नामपूरच्या कांद्यांची पाटी ठेवली. फोटोग्राफरला म्हणाल्या, "आता काढा फोटो, आत्ता खरे अश्रू आहेत." ब्लँकेटं त्यांनी ठेवून घेतली. थंडी होती.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी कॉलेजात होते आणि दादा एका प्रेसमध्ये छपाईच्या मशीनवर लागला होता. बाबांना कोणीतरी सांगितलं होतं की तिथे बोलायला शिकवतात. म्हणून गेलो. नाहीतर बाबा कसले जातायत.

बाबांबद्दल सांगायलाच हवं. ते रामकुंडावर विधी सांगतात. त्यांचे वडीलही सांगायचे, त्यांचेही वडील. आमचं घर आवाजावर चाललं आहे. बाबांचा आवाज असा की घाटावर कुंभमेळ्याच्या गर्दीतही यजमानाला संकल्पातला शब्द न शब्द कळावा. या आवाजाच्या घरात पहिला मुलगा बहिरा झाला. बाबांनी ते मान्य केलं नाही. त्यांनी दादाची मुंज लावली, सगळी रीत पाळून. उपरण्याखाली डोकं घेऊन त्याच्या कानात गायत्री मंत्र सांगितला. बहिऱ्या कानात. दादाला मी एकदा विचारलं, तुला काय आठवतं? तो म्हणाला, बाबांची दाढी टोचली आणि मांडवातले सगळे रडत होते, मला वाटलं माझ्या हातून काहीतरी चुकलं.

आणि मी? मी झाले घराचा टेलिफोन. दादाला डॉक्टरकडे न्यायचं, मी बरोबर. त्याच्या शाळेत बोलावलं, मी माझी शाळा बुडवून बरोबर. आईला येत होत्या चार खुणा, जेव, झोप, ये, नको. बाबांना एकही नाही. त्यांना त्याची गरजच वाटली नाही, कारण मी होते. "सांग गं त्याला." हे वाक्य मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. आणि घरात सगळे हसत असताना दादाने "काय झालं?" विचारलं, की त्याच्यासाठी ठरलेलं उत्तर होतं, "काही नाही. नंतर सांगते." ते 'नंतर' आमच्या घरात कधी आलं नाही. तुमच्याही घरात आलं नसेल, जर तुमच्या घरात असं कोणी असेल.

पहिल्या दिवशी बाईंनी मला विचारलं, "तू कोण?"

"मी याची बहीण."

"ते नातं झालं. तू कोण?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी बाबांकडे मोर्चा वळवला. बाबा आपल्या खणखणीत आवाजात मुंजीपासून सगळं सांगत होते, किती उपाय केले, किती मशीनं लावली. बाई ऐकून घेत होत्या, जे त्या सहसा करायच्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "गुरुजी, पूजेत देवापुढे मुद्रा करता ना?"

"करतो. शास्त्र आहे ते."

"देवाला ऐकू येत नाही का?"

बाबा लालबुंद झाले. आई घाबरून पदर चाचपायला लागली. मला मात्र आतून असं काही मोकळं वाटलं की ते मला अजून नीट सांगता येत नाही.

सकाळी उन्हाला बसून बाई आम्हा ऐकणाऱ्या भावंडांचा वेगळा तास घ्यायच्या. आईबापांना मनाई. तिथे फक्त रागवायचं. भावाच्या नावाने, बहिणीच्या, आईबापांच्या, शाळेच्या, देवाच्या, ज्याचा राग येतो त्याच्या नावाने. बाई म्हणायच्या, "जोरात. लाजू नका. इथे ज्यांना ऐकू येतं त्यांना पर्वा नाही, आणि ज्यांना पर्वा आहे त्यांना ऐकू येत नाही." मी पहिल्या दिवशी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी बोलायला लागले तर थांबेचना. मी म्हणाले, माझ्या वाढदिवसाला आलेले पाहुणेसुद्धा मला विचारतात, दादा कसा आहे? मी म्हणाले, मला परगावी शिकायला जायचं होतं, तर आई म्हणाली, मग त्याच्याशी बोलणार कोण? तू आई आहेस ना त्याची, मग तू बोल ना! बाई मान हलवत राहिल्या. समजूत घातली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. फक्त म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. उद्या आणखी राग आण."

त्याच तासाला त्यांनी एकदाच स्वतःचं सांगितलं. त्यांची थोरली बहीण बहिरी होती. ती आजारी पडली, बरं न होणारं काहीतरी. डॉक्टर सगळं बाईंना सांगायचे, घरचे बाईंना बजावायचे, तिला कळू देऊ नकोस. बहीण पलंगावरून विचारायची, डॉक्टर काय म्हणाले? "आणि मी सांगायचे, काही नाही. नंतर सांगते." एवढं बोलून बाई थोडा वेळ टॉर्चचं बटण उगाच दाबत बसल्या. मग म्हणाल्या, "आपल्याला काय झालंय हे न कळता गेली ती. डोळे माझ्या हातांकडे. आणि माझे हात मांडीवर."

म्हणून शिबिराचा तो नियम होता. जेवणाच्या खोलीत कोणीही तोंडाने काहीही बोललं, की जवळ असलेल्या ऐकणाऱ्या भावंडाने ते खुणांनी सांगायचं. सगळं. निवडायचं नाही, गाळायचं नाही, गोड करायचं नाही. आमटीत मीठ कमी आहे, तेही. दोन बायका तिसरीच्या साडीबद्दल बोलतायत, तेही. "ऐकणारे दिवसभर फुकटचं ऐकत असतात," बाई म्हणायच्या. "तेवढं फुकटचं यांनाही मिळू दे." पहिल्याच दुपारी एका काकांनी बायकोला कानात सांगितलं की तुझ्या भावाने शिबिराच्या नादाला लावून सुट्टी वाया घालवली. एका पोराने ते ताबडतोब हातांनी सांगितलं आणि मेहुणा तिथेच, समोर खिचडी खात बसलेला होता. लहान पोरांना हा नियम म्हणजे खेळ वाटायचा. चेहरा कोरा ठेवून ती सगळं सांगत सुटायची.

दुसऱ्या वर्षी त्या खोलीत दादाला नामपूरची मुलगी भेटली. घरची शेती, कांदा. ती बहिरी, धाकटी बहीण ऐकणारी, आणि आई त्यांच्याबरोबर आलेली. दोघांचं काय बोलणं चालायचं ते बघायला मी जात नसे, पण लांबूनही दिसायचं की दादाचे हात असे कधी चालले नव्हते. माझ्याशी बोलताना त्याची वाक्यं आखूड असायची, कामापुरती. तिच्याशी तो गप्पा मारत होता. वर्षभर त्यांचे व्हिडिओ कॉल झाले आणि तिसऱ्या शिबिराच्या आधी दादाने घरात सांगून टाकलं की मला हिच्याशी लग्न करायचं आहे. मी ते बाबांना बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, बघू. शिबिरात येतो, मुलगी बघतो, मग बोलू.

त्या दुपारी आमटी-भात होता. नामपूरची मुलगी आणि तिची आई आमच्या समोरच्या टेबलावर. दादा माझ्या उजवीकडे, बाबा डावीकडे. बाबांनी मुलीकडे एकदा नीट बघून घेतलं, माझ्याकडे झुकले आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे हळू आवाजात बोलले.

आता, बाबांना हळू बोलता येत नाही. उभा जन्म घाटावर गेलेला. त्यांची कुजबुज खोलीच्या दुसऱ्या टोकाला मावशींना चुलीपाशी ऐकू आली. शिबिराचा तो नियम म्हणजे पोरांचा खेळ, असंच ते धरून चालायचे. आणि त्यांचा हिशोब असा की खोलीत निम्मे तर बहिरेच आहेत, कोणाला काय कळतंय.

ते म्हणाले, "सांग त्याला, मुलीकडचे नाही म्हणाले. तू पसंत नाहीस म्हणावं. दोन बहिरी घरात आणून काय स्मशान करायचंय घराचं? उद्या पोरंही तशीच निपजली तर? आणि शिवाय कांदेवाले."

मी काही करायच्या आधीच शेजारच्या टेबलावरच्या एका छोट्या मुलीचे हात वर गेले. तिचा जुळा भाऊ बहिरा होता. तिने नियम पाळला. चेहरा कोरा. सांग त्याला. मुलीकडचे नाही म्हणाले. स्मशानाची खूण तिला येत नव्हती, म्हणून तिने मेलेलं माणूस दाखवलं आणि मग जळणारं लाकूड. तिच्या पलीकडच्या मुलाने ते उचललं, मग त्याच्या पलीकडच्या मुलीने. त्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत माझ्या बापाचं वाक्य पोरांच्या हातांवरून फिरत गेलं, आणि प्रत्येक बहिऱ्या माणसाने ते वाचलं. नामपूरच्या मुलीनेही. दादानेही.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी कोणालाही थांबवलं नाही.

मुलीची आई उठली. साधी बाई, शिबिरभर कोणाशी मोठ्याने बोलली नव्हती. ती म्हणाली, "गुरुजी, आम्ही कव्हय नई म्हनं? मनी पोर घरमा ऱ्हास तव्हय घर भरेल ऱ्हास. स्मशान तुमना तोंडमा शे." आणि पोरांनी तेही हातांनी सांगितलं, सगळ्या खोलीला. आम्ही कधी नाही म्हणालो? माझी पोर घरात असते तेव्हा घर भरलेलं असतं, स्मशान तुमच्या तोंडात आहे.

मग दादा उठला. त्याने पाय आपटला. जमिनीतून हादरा गेला की बहिरे वळून बघतात, तशी त्यांची रीत आहे. सगळे वळले. तो बाबांकडे तोंड करून, सावकाश, एकेक खूण सुटी करत म्हणाला, मी हिच्याशी लग्न करणार. तुम्हाला लग्नाला यायचं असेल तर या. पण आधी मला विचारा. तुमच्या हातांनी. आणि माझ्याकडे बोट करून त्याने पुढे सांगितलं, हिच्या हातांनी नाही.

बाबांना अर्थातच काहीही कळलं नाही. ते माझ्याकडे वळले. "काय म्हणतोय तो?"

मी तोंड उघडलं. सवय. तेवढ्यात माझ्या डोळ्यांत झोत आला. बाई तिथूनच म्हणाल्या, "तू जेव. गार होतंय."

"अगं सांग ना, काय म्हणाला?" मी चमचा उचलला. बाबांनी आईला विचारलं. आईला तिच्या चार खुणांपैकी फक्त 'ये' ओळखू आली होती, कोणी आणि कुठे ते कळलं नव्हतं. बाबांनी त्या छोट्या मुलीला विचारलं, तिने बाईंकडे बघितलं. खोलीतल्या बाकी प्रत्येकाला माहीत होतं दादा काय म्हणाला ते. लहानातल्या लहान पोरालासुद्धा. फक्त या मोठ्या आवाजाच्या माणसाला माहीत नव्हतं, आणि तो एकेकाच्या तोंडाकडे बघत हिंडत होता. शेवटी तो बाईंपुढे येऊन उभा राहिला.

बाई म्हणाल्या, "काही नाही, गुरुजी. नंतर सांगते."

कोणी म्हणेल, हे दुष्टपणाचं झालं. असेल. एका भल्या माणसाला चारचौघांत असं उभं करणं बरं नव्हे, असं शोकसभेत पहिल्या रांगेत बसलेल्यांपैकी कोणीही म्हटलं असतं. मला विचाराल तर मी त्या दिवशी आमटी-भात दुसऱ्यांदा वाढून घेतला. दादा त्या न कळणाऱ्यांच्या बाकावर आयुष्यभर बसला होता. बाबा एक दुपार बसले.

त्याच संध्याकाळी बाबा आईला घेऊन घरी निघून गेले. पुढे कित्येक महिने ते मला विचारत राहिले, कधी ओरडून, कधी लाडीगोडी लावून. काय म्हणाला होता गं तो? मी म्हणायचे, त्याला विचारा. ते दादासमोर जाऊन उभे राहायचे, मोठ्याने, ओठ फाकवून बोलायचे. दादा बघायचा आणि कामाला निघून जायचा. दोन्ही घरांत तयारी सुरू झाली, नामपूरला मांडव ठरला, आणि मुलाचा बाप येणार की नाही हे कोणालाच सांगता येत नव्हतं. दादाने जेवण कमी केलं होतं. बाहेरून दाखवत नव्हता, पण लग्नाची तारीख जवळ आली तसा तो रोज संध्याकाळी बाबा घाटावरून यायच्या वेळेला दारातल्या खुर्चीवर बसायला लागला. बाबा यायचे, चपला काढायचे, आत जायचे.

लग्नाच्या सकाळी बाबा नामपूरला आले. एकटे, एसटीने. मांडवाच्या कमानीबाहेर थांबले. आत या, आत या, म्हणून मुलीकडची माणसं धावली, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि दादाकडे बघत राहिले. दादा बाशिंग बांधून उभा होता. बाबांनी हातातली पिशवी खाली ठेवली. आणि ते हात, जे रोज दर्भ आणि पळी धरतात, देवापुढे मुद्रा करतात, ते त्यांनी छातीपुढे धरले. मी. तुझ्या. लग्नाला. येऊ? 'लग्न' चुकलं होतं, बोटं उलटी लागली होती. पण कळत होतं.

दादाने त्यांना थांबवून ठेवलं. बराच वेळ. मग त्याने आईला येणारी ती खूण केली. ये.

हे बाबांना कोणी शिकवलं, ते मला आईने नंतर सांगितलं. बाबा बाईंच्या घरी गेले होते. बेल वाजवली, दार उघडलं नाही. घाटावरच्या आवाजात हाका मारल्या, सगळी सोसायटी बाहेर आली, बाई नाहीत. खिडकीतून मात्र दिसत होत्या, आत बसून बशीतून चहा पिताना. शेवटी बाबा अंगणात गेले आणि त्या खिडकीसमोर उभं राहून दोन्ही हात हलवले. बाईंनी बशी ठेवली, दार उघडलं आणि म्हणाल्या, "आता कसं नीट बोलावलंत." मग त्यांना बसवलं, चहा दिला आणि दादा त्या दुपारी काय म्हणाला होता ते त्यांना सगळं सांगितलं. सगळं, आहे तसं. त्यानंतर बाबा बरेच दिवस तिकडे जात राहिले. घरी सांगायचे, यजमानांकडे जातोय.

मला अजूनही राग येतो. इतक्या वर्षांत एक वाक्य! तेही पोरगा हातचा जायची वेळ आल्यावर! आणि नामपूरच्या मांडवात बाया डोळे पुसत होत्या, बघा बाई, बापाचं काळीज. दादाच्या काळजाबद्दल कोणी काही बोललं नाही. पण हेही लिहायला हवं की "नंतर सांगते" म्हणून खरोखर नंतर सांगणारं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं.

दादा-वहिनींना मुलगी झाली आहे. तिला ऐकू येतं का, असं तुमच्या मनात आलंच असेल. सगळ्यांच्या येतं. तिचं नाव काय ठेवलं, हे आधी विचारणारं कोणी भेटलं की त्याला मी दोन्ही सांगते.

तर शोकसभा. शेवटी सूत्रसंचालक म्हणाले, आता बाईंच्या लाडक्या विद्यार्थ्यांपैकी कोणी दोन शब्द. दादा कधीच त्यांचा विद्यार्थी नव्हता, पण मी त्याला सांगितलं आणि तो उठला. व्यासपीठावर गेला, माइक हाताने बाजूला सारला, फोटोकडे वळून कपाळावर दोन बोटं ओढली. मग आमच्याकडे तोंड करून बोलायला लागला. म्हणाला, तुम्ही दुपारपासून बोलताय आणि आम्ही तुमचे ओठ बघतोय. बाई असत्या तर आज नामपूरचे सगळे कांदे संपले असते. मागच्या रांगा पाय आपटून हसल्या. जमीन हादरली. माझ्या दुसऱ्या बाजूला बाबा बसले होते, तेही मागच्याच रांगेत. त्यांना निम्मंच कळलं असेल, पण त्यांनी पाय आपटले.

पुढच्या रांगांमध्ये मान वळवून एकमेकांकडे बघणं सुरू झालं. ओठांवर ते अर्धवट हसू, जे मी दादाच्या ओठांवर जन्मभर पाहिलं आहे. सगळे हसतायत, आपणही हसावं का? सूत्रसंचालक घाईघाईने खाली उतरले, मागे माझ्यापर्यंत आले आणि माइक माझ्या तोंडापुढे धरला. "ताई, जरा सांगा ना सगळ्यांना. काय म्हणतायत ते?"

"काही नाही," मी म्हणाले. "नंतर सांगते. दिवाळीच्या सुट्टीत शिबिराला या. विळी घेऊन या."

आणि मी दादाकडे बघायला लागले, कारण तो अजून बोलत होता.